अरबी शिकायला निघालात? आधी बोली ठरवा, मग बॅग भरा

अम्मानच्या भाजीबाजारात टोमॅटोच्या ढिगावर पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला असतो आणि त्यावर मराठी डोळ्याला चक्क ‘१०’ दिसतं. लगेच पिशवी पुढे करू नका. ते दहा नाहीत, पंचाण्णव आहेत! जॉर्डन, इजिप्त आणि आसपासच्या देशांत चालणाऱ्या आकड्यांमध्ये पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो, नऊ आपल्या एकासारखा दिसतो आणि चार आपल्या सहासारखा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. बसचा नंबर, भाड्याची पावती, औषधावरची मुदत, सगळीकडे हाच घोळ होऊ शकतो. म्हणून निघण्याआधी काही दिवस मोबाइलचं घड्याळ अरबी आकड्यांवर लावून ठेवा. डोळा आपोआप तयार होतो.

गंमत पुढेच आहे. या आकड्यांना अरब लोक ‘अरकाम हिंदिया’, म्हणजे भारतीय आकडे म्हणतात, कारण ते इथूनच तिकडे गेले. शब्द उजवीकडून डावीकडे लिहायचे, पण आकडे डावीकडून उजवीकडे. आणि पंचाण्णव म्हणायचं असेल तर ‘खम्सा व तिस्ईन’, पाच आणि नव्वद. इंग्रजीत मोजायची सवय असलेला विद्यार्थी इथे अडखळतो, पण एकवीस-बावीस म्हणत वाढलेल्या मराठी पोराला ही उलटी चाल घरचीच वाटते.

कुठली अरबी?

परदेशी जाऊन अरबी शिकण्याच्या सगळ्या नियोजनात हा प्रश्न पहिला आहे, आणि बहुतेक जण तो शेवटी विचारतात. वर्तमानपत्रात, पुस्तकात, बातम्यांत वापरतात ती ‘फुसहा’, म्हणजे प्रमाण अरबी. घरात, बाजारात, टॅक्सीत बोलतात ती ‘आम्मिया’, म्हणजे बोली, आणि ती देशागणिक बदलते. ‘मला पाहिजे’ एवढंच घ्या. फुसहात ‘उरीदु’, अम्मानमध्ये ‘बिद्दी’, कैरोत मुलगा असेल तर ‘आयिझ’ आणि मुलगी असेल तर ‘आय्झा’, मोरोक्कोत ‘ब्घीत’. ‘आत्ता’ म्हणायचं तर ‘अल-आन’, ‘हल्ला’, ‘दिलवअती’ आणि ‘दाबा’. एका शहराचं तिकीट काढलं की त्या शहराची बोली आयुष्यभर तुमच्या जिभेवर बसते. त्यामुळे विद्यापीठाच्या नावापेक्षा शहराच्या भाषेवर जास्त विचार करा, असं मी ठामपणे सांगेन.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने अम्मान किंवा कैरो निवडावं. कैरोची बोली सिनेमा आणि गाण्यांमुळे जवळजवळ सगळ्या अरब जगात समजते. शिवाय कैरोतल्या अमेरिकन विद्यापीठाशी जोडलेला ‘कासा’ हा प्रगत अरबीचा कार्यक्रम १९६७ पासून नावाजलेला आहे. अम्मानमध्ये जॉर्डन विद्यापीठाचं भाषा केंद्र आहे, कासिद आणि सिजाल यांसारख्या खास अरबी शिकवणाऱ्या संस्था आहेत. जॉर्डन, पॅलेस्टाइन, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यातल्या बोली एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की एक शिकली की चारही देशांत निभावतं. मोरोक्कोची ‘दारिजा’ सगळ्यांत अवघड मानतात. पण फ्रेंच येत असेल तर फेस, रबात, मेकनेस ही शहरं सुंदर आहेत आणि तिथे शिकण्याची सोयही चांगली आहे. ट्युनिसमध्ये बुर्गिबा भाषा संस्था आहे, ओमानमध्ये मनाह इथे परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवण्यासाठीच काढलेलं महाविद्यालय आहे. कतार विद्यापीठ निवडक परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन अरबी शिकवतं, तेही यादीत ठेवा.

आणि दुबई? रत्नागिरी-रायगडच्या अनेक घरांतून कुणी ना कुणी आखातात असतं, त्यामुळे ‘मामाकडे राहून शिक की’ असा सल्ला हमखास मिळतो. प्रेमाचा सल्ला आहे, पण अमिरातीत दहातले जवळजवळ नऊ रहिवासी परदेशी आहेत आणि त्यांत भारतीयांची संख्या सगळ्यांत मोठी. किराणा दुकानात मल्याळम, टॅक्सीत उर्दू, कचेरीत इंग्रजी. अरबी बोलायची वेळच येत नाही. मामाकडे सुट्टीत जा.

२२०० तासांचा डोंगर

अमेरिकेची परराष्ट्र सेवा संस्था आपल्या अधिकाऱ्यांना अरबी शिकवायला ८८ आठवडे, म्हणजे २२०० तास लागतात असा हिशेब मांडते. फ्रेंचला याच्या साधारण एक तृतीयांश वेळ पुरतो. तुमचं सत्र पंधरा आठवड्यांचं आणि आठवड्याला वीस तासांचं असेल तर वर्गात ३०० तास होतात. उरलेले तास वर्गाबाहेर मिळवायचे असतात, म्हणूनच राहायचं कुठे, खायचं कुठे, जायचं कसं हे प्रश्न अभ्यासाचेच आहेत.

मराठी विद्यार्थ्याला मात्र तीन फायदे आयते मिळतात. तू जातोस, तू जातेस हा फरक अरबी क्रियापदातही आहे. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर द्विवचन नवं नाही: ‘किताब’ एक, ‘किताबान’ दोन, ‘कुतुब’ अनेक. आणि धातूवरून शब्द घडवण्याची कल्पनाही ओळखीची. हान्स वेअर यांचा प्रसिद्ध अरबी शब्दकोश धातूंच्या क्रमाने लावलेला आहे. ‘मकतब’ शोधायचा तर ‘क-त-ब’ या धातूखाली जावं लागतं. ज्याला धातू ओळखता येत नाही त्याला कोश उघडून उपयोग नाही. हा सराव भारतातच करून जा.

एक गोष्ट मात्र अरबीच्या जगभरच्या विद्यार्थ्यांना सारखीच जोडते. ‘अल-किताब’ या गाजलेल्या पाठ्यपुस्तकमालेची नायिका महा. तिचे वडील संयुक्त राष्ट्रसंघात काम करतात, त्यामुळे पहिल्याच धड्यात ‘अल-उमम अल-मुत्तहिदा’ हा शब्द येतो. विद्यार्थ्याला वांगी मागता येत नाहीत, पण संयुक्त राष्ट्रसंघ म्हणता येतं! तसं पाहिलं तर शब्द अगदीच वाया जात नाही. १९७३ मध्ये १८ डिसेंबरला अरबी ही संयुक्त राष्ट्रसंघाची अधिकृत भाषा झाली आणि तोच दिवस आता जागतिक अरबी भाषा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी तुम्ही तिकडे असाल तर संस्थेत काय कार्यक्रम आहे ते जरूर विचारा.

हेरांची शाळा आणि दुसरा पर्याय

बैरूतच्या वरच्या डोंगरात शेमलान नावाचं गाव आहे. ब्रिटिशांनी १९४७ मध्ये आपली अरबी भाषेची शाळा जेरुसलेमहून तिथे हलवली. मुत्सद्दी तिथे शिकायचे, म्हणून गावात तिला ‘हेरांची शाळा’ म्हणत. आणि १९६१ मध्ये खरोखरच तसं निघालं. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा जॉर्ज ब्लेक हा ब्रिटिश अधिकारी तिथे अरबी शिकत होता. त्याला लंडनला बोलावून घेतलं आणि अटक केली. लेबनॉनमधलं यादवी युद्ध पेटल्यावर ती शाळा १९७८ मध्ये बंद पडली.

दमास्कस हे २०११ पर्यंत अरबी शिकणाऱ्यांचं अत्यंत लाडकं शहर होतं. युद्ध सुरू झालं आणि विद्यार्थ्यांचा ओघ अम्मानकडे वळला. या भागात शिकायचं तर दुसरं शहर मनात ठरवूनच ठेवावं लागतं. संस्थेला आधीच लेखी विचारा: वर्ग बंद पडले तर फी परत मिळेल का, ऑनलाइन शिकवाल का, क्रेडिट मिळतील का? भारतीय पासपोर्ट असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थी म्हणून नोंद करा आणि तिथल्या दूतावासाचा नंबर घरच्यांकडेही देऊन ठेवा.

कागद, शिक्के आणि आजोबांचं नाव

मोरोक्को, ओमान, ट्युनिशिया हे देश अपोस्टिल करारात आहेत, भारतही आहे. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का त्यांना चालतो. करारात नसलेल्या देशासाठी मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. पदवी आणि गुणपत्रिकांवर त्याआधी राज्य पातळीवरची पडताळणी करून घ्यावी लागू शकते. हे सगळं दोन दिवसांत होत नाही, दोन महिने हाताशी ठेवा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर भरवसा न ठेवता दूतावास आणि संस्था या दोघांकडून ताजं उत्तर घ्या.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. जॉर्डनच्या अर्जात तर चार भागांचं नाव मागतात: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं. आईचं नावही अनेक ठिकाणी लागतं. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा.

अनारसे घरीच ठेवा

हे हसत वाचण्यासारखं नाही, म्हणून ठळक सांगते. खसखस अमिरात, सौदी अरेबिया आणि कतारमध्ये बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या झाडाची बी. आपल्या अनारशांना खसखस, काही घरच्या काळ्या मसाल्यात खसखस, लाडवातही खसखस. मुंबईहून अम्मान किंवा कैरोला जाताना अनेकदा दुबई, अबूधाबी किंवा दोहा इथे विमान बदलावं लागतं. आजीने मायेने भरलेला डबा त्या विमानतळावर मोठं संकट ओढवू शकतो. घरचा मसाला न्यायचा असेल तर बिनखसखशीचा करून घ्या. औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांवर या देशांत कडक नियम आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ वेष्टन, आणि त्या देशाची यादी तपासूनच बॅगेत टाका.

पाण्याचा वार आणि बीथोव्हेनची गाडी

अम्मानमध्ये खोली बघायला जाल तेव्हा खिडकीतून काय दिसतं ते नंतर बघा, आधी गच्चीवरच्या टाक्या मोजा. जॉर्डन हा जगातल्या सर्वाधिक पाणीटंचाईच्या देशांपैकी एक आहे. नळाला पाणी साधारण आठवड्यातून एकदा येतं आणि त्यावर पुढचा आठवडा काढायचा. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या कुणालाही याचं गणित समजावून सांगावं लागणार नाही. घरमालकाला तीन प्रश्न विचारा: पाण्याचा वार कोणता, माझ्या वाट्याला किती टाक्या, आणि पाणी संपलं तर टँकरचे पैसे कोण देणार? या एका संभाषणात संख्या, वार आणि प्रश्नार्थक वाक्यं, सगळ्यांचा सराव होतो.

सकाळी रस्त्यावरून बीथोव्हेनची ‘फ्युअर एलिझ’ ऐकू आली तर आइस्क्रीमवाला समजून धावू नका. ती गॅस सिलिंडरची गाडी आहे! अम्मानभर गॅसवाले हीच धून वाजवत फिरतात. सिलिंडर संपला असेल तर मात्र खिडकीतून हाक मारायला विसरू नका.

आणि हा सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी नसतो. अरबस्तान म्हणजे वाळू आणि ऊन, असं मनात धरून सुती कपडे भरणाऱ्या मुलांचे डिसेंबरमध्ये हाल होतात. अम्मान डोंगरावर वसलंय, काही भाग समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहेत आणि एखाद्या वर्षी बर्फही पडतो. घरं पांढऱ्या दगडाची. उन्हाळ्यात छान वाटतात, पण थंडीत आतली हवा बाहेरपेक्षा गार वाटते. गॅसच्या शेगडीला तिथे ‘सोबा’ म्हणतात. ती पेटवली की खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर विषारी वायूचा धोका असतो. मोरोक्कोतल्या इफ्रानचं तर काय सांगावं! तिथे अल अखवायन विद्यापीठ आहे आणि त्याच गावात ११ फेब्रुवारी १९३५ रोजी उणे २३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. आफ्रिकेतली ती आजवरची सर्वांत कमी नोंद. लोकरीचे मोजे घ्याच.

रविवारी वर्ग, रमजानात घड्याळ

जॉर्डन आणि इजिप्तमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो, सुट्टी शुक्रवार-शनिवारी. मोरोक्को, ट्युनिशिया, लेबनॉनमध्ये आपल्यासारखी शनिवार-रविवार. अमिरातीनेही जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार केली. अम्मानला शुक्रवारी सकाळी शहर झोपलेलं असतं, दुपारच्या नमाजानंतर जागं होतं. विमान शुक्रवारी सकाळी उतरणार असेल तर घरमालक भेटेल का ते आधी विचारा.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. आपल्या पंचांगात अधिकमास येऊन महिने ऋतूंशी जुळवून घेतो, इस्लामी पंचांगात तो नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत येईल आणि २०३० या एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस. त्या महिन्यात वर्गांच्या वेळा बदलतात, खानावळी दिवसा बंद असतात, रस्त्यावर खाणं-पिणं टाळायचं असतं. मोरोक्को तर अख्ख्या देशाचं घड्याळ रमजानपुरतं एक तास मागे घेतो! एरवी भारतापेक्षा साडेचार तास मागे असलेला देश तेव्हा साडेपाच तास मागे जातो. पुण्याला फोन करण्याआधी हिशेब करा. तरीही सत्र निवडायला मिळालं तर रमजान असलेलंच घ्या. इफ्तारला लोक आग्रहाने घरी बोलावतात आणि अरबी ऐकायला त्याहून चांगली जागा नाही.

महिन्यांची नावं पुन्हा वेगळीच. कैरोत जानेवारीला ‘यनायिर’, अम्मानमध्ये ‘कानून अस्-सानी’. डोकं गरगरलं तर जॉर्डनकरांचीच युक्ती वापरा. ऑक्टोबरला ते सरळ ‘महिना दहा’ म्हणतात.

एक दिनार म्हणजे थोडंथोडकं नाही

जॉर्डनचा दिनार १९९५ पासून डॉलरशी बांधलेला आहे. एका दिनारला सुमारे १.४१ डॉलर, म्हणजे रुपयांत शंभराच्या पुष्कळ वर. ‘फक्त चार दिनार’ ऐकून खिसा सैल सोडू नका. दिनारचे शंभर किर्श आणि हजार फिल्स, म्हणून किमतीत दशांश चिन्हापुढे तीन आकडे दिसतात. पाच किर्शच्या नाण्याला लोक आजही ‘शिलिन’ म्हणतात, ब्रिटिशांच्या शिलिंगची आठवण.

पेट्राचं तिकीट परदेशी पाहुण्याला एका दिवसाचे ५० दिनार, तर देशात राहण्याचा परवाना, म्हणजे ‘इकामा’, असलेल्याला एक दिनार. इकामा मिळणार असेल तर पेट्राची सहल त्यानंतरच ठेवा.

‘मांस नको’ म्हटलं तरी कोंबडी येते

शाकाहारी असाल तर ‘बिदून लह्म’ एवढ्यावर थांबू नका. अनेक ठिकाणी ‘लह्म’ म्हणजे बकऱ्याचं किंवा गुरांचं मांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. ‘नबाती’ म्हणा आणि कोंबडीही नको हे वेगळं सांगा. इजिप्तमध्ये आणखी सोपा मार्ग आहे. कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास धरतात आणि त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. ‘सियामी’ जेवण मागितलं की सगळ्यांना लगेच कळतं, फक्त मासे काही उपासांना चालतात, तेवढं विचारून घ्या. भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत कांदा असं ‘कोशरी’ कैरोत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. त्याचं नातं अनेक जण आपल्या खिचडीशी जोडतात. अम्मानच्या जुन्या बाजारात हाशेम नावाची खानावळ आहे. हुम्मुस, ‘फूल’ म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, फलाफल, पुदिन्याचा चहा, आणि मांसाचा पदार्थच नाही.

बोलायचं कसं?

घरमालकाचा मेसेज येईल: रोमन अक्षरांत, मध्येच ३ आणि ७ चे आकडे. फोन बिघडलेला नाही. रोमन लिपीत नसलेल्या अरबी ध्वनींसाठी लोक आकडे वापरतात: ३ म्हणजे ‘ऐन’, ७ म्हणजे घशातला ‘ह’, २ म्हणजे ‘हम्झा’. ही पद्धत तासाभरात जमते आणि वर्गात सहसा कुणी शिकवत नाही.

अम्मानमध्ये टॅक्सीत पुरुष पुढे बसतो, बाई मागे. उतरताना ‘यअतीक अल-आफ्ये’ म्हणा, म्हणजे काम करणाऱ्याला देव बळ देवो. दुकानदार, झाडूवाला, शिपाई, ग्रंथपाल, कुणालाही म्हणता येतं आणि समोरचा हमखास वळून ‘अल्ला यआफीक’ म्हणतो. बोलणं इथूनच सुरू होतं. पत्ता रस्त्याच्या नावाने सांगू नका, चौकाने सांगा: अम्मानमध्ये पहिल्यापासून आठव्यापर्यंत ‘दुव्वार’, म्हणजे चौक, आहेत आणि सगळं शहर त्यांच्या आधाराने वाट सांगतं.

मग प्रश्न येतोच, ‘इन्त हिंदी?’ होय म्हटलं की पुढचा प्रश्न अमिताभचा नाहीतर शाहरुखचा. इजिप्तमध्ये अमिताभची लोकप्रियता फार जुनी आहे आणि हिंदी सिनेमे अरबीत दाखवणारी ‘झी अफलाम’ वाहिनी २००८ पासून घराघरांत पोचली. युरोप-अमेरिकेतून आलेल्या सहाध्यायांना न मिळणारा हा विषय तुम्हाला दारातच मिळतो, म्हणून तयारीनिशी जा. ‘शोले’ची गोष्ट दहा वाक्यांत, निवडलेल्या शहराच्या बोलीत लिहून काढा, शिक्षकाकडून तपासून घ्या आणि पाठ करा. गब्बरला काय म्हणायचं ते टॅक्सीवालाच सांगेल.